‘कंदिसा’ म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये हा प्रश्न मला गेल्या सहा महिन्यांत किमान वीस जणांनी विचारला असेल. कारण उघड आहे. ते गाणं माझ्या खोलीतून सारखं वाजत असतं, आणि त्यातला एकही शब्द कुणाला कळत नाही! मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी तर नाहीच. कुणाला वाटतं अरबी, कुणाला वाटतं संस्कृत. मेसमधल्या एका मावशींनी तर ‘चर्चमधलं आहे का रे?’ असं विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांत जवळचं उत्तर त्यांचंच निघालं. तेव्हा प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा लेखनप्रपंच.

‘कंदिसा’ हा इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा अल्बम. साल २०००. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म व्हायच्या आधीचा. बँड त्याहून जुना, १९९० चा. सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबल्यावर आणि गायला, राहुल राम बेस गिटारवर आणि गायला, आणि अमित किलम ड्रम्सवर. ही चार माणसं. त्यांचा पहिला अल्बम १९९३ मध्ये आला, १९९७ मध्ये ‘डेझर्ट रेन’ हा लाइव्ह अल्बम आला, आणि तिसरा हा ‘कंदिसा’. ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमातलं ‘बंदे’ हे गाणं ज्यांनी ऐकलंय (आणि हॉस्टेलवर राहून ते ऐकलं नाही असा माणूस विरळा!) त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. ते यांचंच.

आता २००० सालचा अल्बम माझ्यापर्यंत यायला इतकी वर्षं का लागली? त्याचीही एक गंमत आहे. प्रत्येक हॉस्टेलमध्ये एक वडिलोपार्जित हार्ड डिस्क असते. सीनियर पास आउट होतो, ज्युनियरला देतो, तो पुढच्याला. कुणी कधी काय भरलं, पत्ता नाही. आमच्या विंगमधल्या डिस्कवर ‘न्यू फोल्डर’च्या आत ‘न्यू फोल्डर (२)’ आणि त्याच्या आत सात एमपीथ्री फाइल्स होत्या. नावं फक्त ‘ट्रॅक ०१’ ते ‘ट्रॅक ०७’. कलाकाराचं नाव नाही, साल नाही, कव्हर नाही. पावसाळ्यातली रात्र, लाइट गेलेली, लॅपटॉपला जेमतेम चाळीस टक्के चार्ज, आणि नेट बंद. मग डिस्कवर जे आहे ते ऐकायचं. लोणावळ्याच्या पावसाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत. त्या रात्री सातही ट्रॅक दोनदा ऐकून झाले. दुसऱ्या दिवशी रेंज आल्यावर शोधलं, तेव्हा नाव कळलं.

म्हणजे बघा, आधी गाणं आलं आणि नाव नंतर. हल्ली उलटं असतं. आधी रिव्ह्यू, रेटिंग, रील, आणि मग गाणं.

तर, या संगीतात आहे काय? सोप्या भाषेत ‘रॉक’ म्हणतात, पण आपण रॉक म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं (लांब केस, फाटकी जीन्स, आरडाओरडा) ते यात नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड इंग्रजीत गायचे, आणि दुसरीकडे टीव्हीवर इंडिपॉपची चलती होती. यांनी तिसरीच वाट धरली. गिटार आहे, पण ती सतारीसारखी एकेक सूर घोळवत जाते. तबला आहे, पण तो मागे ठेका धरून बसत नाही, पुढे येऊन बोलतो. आणि ड्रम्स त्याच्या अंगावर धावून जात नाहीत. बहुतेक गाणी पाच मिनिटांच्या पुढे जातात. कुठे घाई नाही. ‘खजुराहो’ आणि ‘लीव्हिंग होम’ तर बहुतांशी वाद्यांवरच चालतात.

इथे इंजिनिअरिंगचा थोडा भाग येतो, सहन करा. तबला आणि ड्रम एकत्र का वाजू शकतात, आणि तबला गिटारच्या सुरात कसा बसतो? साधं ताणलेलं गोल चामडं वाजवलं तर त्याच्या कंपनांच्या वारंवारिता एकमेकींच्या पूर्णांक पटीत नसतात. म्हणून साध्या ढोलाचा ‘धम्म’ ऐकू येतो, पण ‘सा’ ऐकू येत नाही. तबल्याच्या मधोमध जी काळी शाई असते, तिच्या वजनामुळे ही कंपनं पूर्णांक पटीच्या अगदी जवळ येतात आणि कानाला स्पष्ट सूर लागतो. हे कुणी दाखवलं? साक्षात सी. व्ही. रामन यांनी, १९२० मध्ये, ‘नेचर’मधल्या एका छोट्या निबंधात. ते काम त्यांच्या नोबेलच्या कितीतरी आधीचं. म्हणजे शाई लावणाऱ्या कारागिरांनी फूरिए न शिकता जे केलं, त्याचं गणित रामन यांनी नंतर मांडलं. असीम चक्रवर्तींचा तबला सुस्मित सेनच्या गिटारबरोबर गातो असं वाटतं, ते निव्वळ वाटणं नाही, त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे.

दुसरा मुद्दा आणखी महत्त्वाचा. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका! बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडतच नाही. मग बेस ऐकू येतो तो कसा? तर वरच्या पटी (८२, १२३, १६४ अशा चढत जाणाऱ्या) असतात, त्यांतल्या ज्या स्पीकरमधून निघतात त्यांच्यामधलं अंतर मोजून आपला मेंदू खालचा गायब सूर स्वतःच भरून काढतो. मेंदू भलताच हुशार आहे, पण त्याने भरलेला बेस छातीत वाजत नाही. साधे शंभर-दोनशे रुपयांचे वायरवाले इअरफोनसुद्धा चालतील, पण कानात घालून ऐका.

आणि एमपीथ्रीबद्दल. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. गुणाकार केलात तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. आमच्या डिस्कवरच्या फाइल्स १२८ च्या. म्हणजे अकरा भागांतले दहा फेकून दिलेले! पाच मिनिटांचं गाणं सीडीवर ५३ एमबी, इथे पाचच्याही आत. कानाला कळणार नाही असंच फेकायचं, ही एमपीथ्रीची मूळ कल्पना, आणि ती बऱ्यापैकी जमतेही. पण झांजेचा पसरत जाणारा आवाज, तबल्यावरचा तुटक ‘ति’, अशा ठिकाणी ती पकडली जाते. कडा बोथट होतात. पुढे मी तीच गाणी चांगल्या दर्जात मिळवून ऐकली, तेव्हा एका ट्रॅकमध्ये मागे चाललेलं काहीतरी पहिल्यांदाच ऐकू आलं. चष्म्याचा नंबर बदलल्यावर झाडाची पानं सुटी दिसतात ना, अगदी तसं.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कंदिसा म्हणजे काय रे भाऊ?

केरळात सिरियन ख्रिश्चन समाज आहे. त्यांच्या जुन्या उपासनेची भाषा सुरियानी, म्हणजेच सिरियाक. ही अरामी भाषेची एक बोली, आणि येशू ख्रिस्त बोलायचा तीही अरामीचीच एक बोली होती. ‘कंदिसा’ हे गाणं या सुरियानी प्रार्थनेवर उभं आहे आणि त्या शब्दाचा अर्थ ‘पवित्र’. हिब्रूत ‘कादोश’, अरबीत ‘कुद्दूस’ – सगळी एकाच धातूची भावंडं. म्हणजे दिल्लीचा बँड, केरळची प्रार्थना, पश्चिम आशियातली भाषा, आणि ऐकणार कोण? तर मावळातल्या हॉस्टेलमधला थर्ड इयर मेकॅनिकल! आमच्या मेसच्या मावशींना हे सगळं माहीत नव्हतं. पण देवाचं गाणं ओळखायला भाषा लागत नाही, एवढं मात्र त्यांनी सिद्ध केलं.

‘हिल्ले ले’ हे गाणं गोरख पांडे यांचं. हिंदी-भोजपुरीतले क्रांतिकारी कवी, १९८९ मध्ये गेले. जमिनीवर राबणाऱ्यांनी जग गदागदा हलवावं, असा त्याचा भाव. चाल अशी की नाचावंसं वाटतं. नाचता नाचता लक्षात येतं, की आपण कशावर नाचतोय!

आणि आता ‘मा रेवा’. हा लेख लिहायचं खरं कारण तेच.

रेवा म्हणजे नर्मदा. हे गाणं नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत, नदीची स्तुती. त्यात घोषणा नाही, निषेध नाही, सरकारला शिव्या नाहीत. मग ऐकताना घशात काहीतरी का अडकतं? ते कळायला गाण्याच्या बाहेरची थोडी माहिती लागते. राहुल राम हा माणूस आयआयटी कानपूरला रसायनशास्त्र शिकला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केली, आणि परत येऊन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलं. गाणं तो तिथून घेऊन आला. ज्या लोकांची गावं त्या नदीवरच्या धरणात जाणार होती, ते लोक त्याच नदीला आई म्हणून गात होते. ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही हं. सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं मणिबेली हे गाव अक्कलकुवा तालुक्यातलं, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. आणि योगायोग बघा. ज्या २००० साली हा अल्बम आला, त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. धरणाचं लोकार्पण व्हायला मग २०१७ उजाडलं.

हे सगळं मी रूमवर वाचून दाखवत होतो. माझा रूममेट इथलाच, मावळातला. तो शांतपणे म्हणाला, “आमचं पण गाव पाण्यात आहे.”

त्याच्या आजोबांचं घर आणि भातखाचरं एका धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो. आजोबा होते तोवर दर वर्षी काठावर जाऊन हात जोडून यायचे. बदली जमिनीचे कागद वडिलांच्या ट्रंकेत अजून आहेत. जमीन नाही. हे त्याने कुठलाही आवाज न चढवता सांगितलं, जसं आपण बॅकलॉग किती राहिले ते सांगतो तसं. मग म्हणाला, “ते गाणं परत लाव.”

मित्रांनो, आपण जिथे राहतो तो सगळा मुलूखच धरणांचा आहे. वीकेंडला मुंबई-पुण्याचं पब्लिक भुशी डॅमवर भिजायला येतं, चिक्की घेतं, आणि जातं. पण वळवण, शिरवटा, लोणावळा ही टाटांची धरणं काय काम करतात हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? जे पाणी पूर्वेला इंद्रायणीतून देहू-आळंदीकडे आणि पुढे भीमेला गेलं असतं, ते अडवून पश्चिमेला घाटाखाली सोडलं जातं. खाली खोपोलीला वीजघर आहे. ते १९१५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. आता आपलं नेहमीचं सूत्र लावा : घनता गुणिले गुरुत्वीय त्वरण गुणिले प्रवाह गुणिले उंची. सेकंदाला एक घनमीटर पाणी सोडलं तर १००० × ९.८१ × १ × ५००, म्हणजे जवळजवळ ४.९ मेगावॉट! घर्षण आणि टर्बाइनची घट वजा करूनही झकास. सह्याद्रीचा कडा आणि एवढा पाऊस, याहून चांगली साइट कुठल्या इंजिनिअरला मिळणार? हे मी उपहासाने म्हणत नाहीये. तो खरोखर सुंदर प्रकल्प आहे, आणि शंभरहून जास्त वर्षं चालतोय.

पण शेजारच्याच मुळशी खोऱ्यात, बारा मावळातल्याच मुलखात, अशाच दुसऱ्या धरणाला १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह करून विरोध केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. ‘सेनापती’ ही त्यांची पदवी या लढ्यातली, आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर. लढा सुमारे १९२४ पर्यंत चालला. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या संघटित लढ्यांमध्ये तो गणला जातो. धरण झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आणि अगदी अलीकडे, ९ ऑगस्ट २०११ ला, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपलाइनने पाणी न्यायला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर एक्सप्रेस वेवर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला. तीन जण गेले. त्या एक्सप्रेस वेवरून आपण दर दिवाळीला घरी जातो.

सूत्रात घनता आहे, प्रवाह आहे, उंची आहे. देवळाच्या चौथऱ्याला अक्षर नाही. असायलाच हवं असं मी म्हणत नाही, कारण भौतिकशास्त्राचं ते कामच नाही. पण आपल्यापैकी निम्मे जण सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचे. उद्या कुणी धरणावर जाईल, कुणी पाइपलाइनवर, कुणी पॉवरहाऊसमध्ये. तिथे ड्रॉइंगवर जी निळी रेघ असते, म्हणजे पाणी इथपर्यंत चढेल ही रेघ, तिच्या आतल्या बाजूला कोण राहतं हे विचारणारा एखादा तरी असावा. वीज नको असं माझा रूममेटही म्हणत नाही (तो स्वतः इलेक्ट्रिकलचा!). त्याचं म्हणणं एवढंच, की हिशेब पूर्ण करा. जमीन द्यायची म्हटलीत ना, मग द्या.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं एका गाण्यात असतं का? गाण्यात नसतं, बरोबर आहे. गाण्यात फक्त नदीची स्तुती आहे. २००० साली दिल्ली-मुंबईत ज्यांनी ते ऐकलं त्यांना नर्मदा आठवली असेल. आम्ही पंचवीसेक वर्षांनी मावळात ऐकलं, तर आम्हाला पवना, मुळा आणि इंद्रायणी आठवली. उशिरा ऐकण्याचा हाच फायदा. नव्या गाण्याबरोबर त्याची जाहिरात येते, चर्चा येते, कोण भारी कोण फालतू ही भांडणं येतात. ते सगळं वाहून गेलं की फक्त गाणं उरतं, आणि ते आपल्या अंगणातल्या गोष्टींना जाऊन चिकटतं.

तोटाही आहे, आणि तो भरून निघणारा नाही. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला हृदयविकाराने गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. नवे लोक आले, इंडियन ओशन पुढे चालत राहिला. पण या अल्बममधली ती चार माणसं एका स्टेजवर ऐकायची संधी मला कधीच मिळणार नव्हती. जयदीप वर्मांची ‘लीव्हिंग होम’ नावाची त्यांच्यावरची फिल्म आहे, २०१० ची. ती जरूर बघा. आम्ही कॉमन रूममध्ये लावली होती. असीम गायला लागल्यावर मागे कॅरम खेळणारे चौघेही थांबले, यात सगळं आलं.

तेव्हा ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात कृती अशी. एक : शफल बंद करा. सात गाणी बँडने ज्या क्रमाने लावलीत त्याच क्रमाने ऐका. दोन : इअरफोन, किंवा कुणाकडे जुने मोठे स्पीकर असतील तर त्यांची पायधरणी करा. तीन : सबमिशनच्या रात्री नको. लोणावळा–पुणे लोकलमध्ये खिडकी मिळाली की लावा. मळवली, कामशेत, वडगाव जाईपर्यंत बराचसा अल्बम होतो आणि बाहेर भातखाचरं दिसत राहतात. चार : पहिल्यांदा आवडलं नाही तर सोडून देऊ नका, एक पावसाळा जाऊ द्या. आणि पाच : तुमच्या डिस्कवर अशी बेवारस ‘ट्रॅक ०१’ पडली असेल तर तिला नाव द्या. कुणी गायलं, कुणी वाजवलं, कुठल्या साली, एवढं लिहा. आमच्या डिस्कवरच्या त्या सात फाइल्सना आता गाण्यांची, चौघांची नावं आणि साल घातलंय. पुढची बॅच जुलैमध्ये येईल. ‘मा रेवा’च्या खाली रूममेटने कंसात त्याच्या गावाचं नावही टाइप केलंय. कुणी विचारलं की हे काय रे भाऊ, तर तो सांगेल.